आधी समुद्र, मग माणसं

तिला सगळे थोरली म्हणत. धाकटी जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती, तरी म्हणत. एकुलत्या एक उरलेल्या लेकीला थोरली कशाला म्हणायचं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आईने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

थोरली आता बावन्न वर्षांची होती. शहराच्या संग्रहालयाच्या तळघरात कामाला होती आणि तिथे तिला आणखी एक नाव पडलं होतं, एकनजर. जिना उतरून कुणी आलं की म्हणायचं, ‘‘काय एकनजर, आज किती उडवले?’’ तिला ते आवडायचं. बावन्नाव्या वर्षी बाईला कौतुकाचं टोपणनाव मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही.

काम होतं जुन्या प्रवाशांच्या फोटोंचं. एके काळी हे शहर बघायला बोटी भरभरून माणसं यायची. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, त्याच्या अंगावर चढत गेलेली घरं, घराघरांमधून पायऱ्यांच्या गल्ल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. घरी गेले की हे लोक स्लाइड्स, म्हणजे चौकटीत बसवलेले फिल्मचे तुकडे, करून घेत, पाहुण्यांना जेवायला बोलावत आणि जेवणानंतर दिवे मालवून भिंतीवर दाखवत. पाहुणे बिचारे खाल्ल्या अन्नाला जागून जांभया गिळत बसत. पुढे ती माणसं म्हातारी होऊन मेली. त्यांच्या मुलांना घर रिकामं करायचं असतं. बापाच्या स्लाइड्स टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत. मग कुणीतरी शहाणा सुचवतो, त्या शहराच्या संग्रहालयाला पाठवून द्या. अशा पेट्या तळघरात येऊन पडत.

अडचण अशी, की एका सफरीत माणूस पाच बंदरं करायचा. पेटीत सगळी शहरं एकात एक मिसळलेली, आणि समुद्रावरची डोंगराळ शहरं लांबून बघितली तर सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. थोरलीने दिव्याच्या टेबलावर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, एकेक स्लाइड ठेवायची आणि ठरवायचं, आपलं की परकं. आपलं असेल ते वर जाई, त्याला नंबर पडे. परकं असेल ते कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात. महिना सरला की डबा महापालिकेच्या भट्टीत. तळघर केवढं आणि पेट्या किती! दुसऱ्यांची शहरं सांभाळायला जागा कुठून आणणार?

हे काम थोरलीने मागून घेतलं होतं. आधी ती वर, तिकीट खिडकीवर होती. खिडकी, उजेड, येणारी-जाणारी माणसं हे सगळं सोडून ओलीच्या वासात जाऊन बसायला ती का उठली, ते संग्रहालयात कुणालाच कळलं नाही. तिने सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर लोकांनी कीव केली असती, आणि कीव केलेली तिला खपत नसे.

कारण धाकटी होती.

पायऱ्यांच्या गल्लीत, तिसऱ्या टप्प्यावर, सार्वजनिक नळाला लागून त्यांचं घर होतं. वडील बोटीवर गेले ते परत यायचे राहूनच गेले. आई माशांच्या कारखान्यात डबे भरायची. घरात आरसा होता तोही तडकलेला. फोटोचं नाव कशाला? पण तिसऱ्या टप्प्यावर आलं की प्रवाशांचा दम संपायचा, तिथेच ते थांबायचे आणि थांबलेच आहोत तर म्हणून फोटो काढायचे. आणि कॅमेरा दिसला रे दिसला की धाकटी पुढे! कुणी बोलावलेलं नसायचं. सहा वर्षांची पोर, लाल फ्रॉक, अशी काही मधोमध जाऊन उभी राहायची की जणू हे शहर तिच्या मागे सजावटीला लावलंय. आई म्हणायची, ‘‘या पोरीचे फोटो जगभर असतील. घरात तेवढा एक नाही.’’

मग एका सकाळी, तीन दिवसांच्या पावसानंतर, वरचा कडा सुटला. तिसऱ्या टप्प्यापासून वरची एकोणीस घरं त्याने खाली नेली. आई कारखान्यात होती, अकरा वर्षांची थोरली शाळेत. धाकटी घरात होती. जे सापडलं ते न बघितलेलं बरं, असं लोकांनी आईला सांगितलं आणि तिला हाताला धरून दूर बसवलं. आईने ऐकलं. त्यानंतर एकेचाळीस वर्षं ती स्वतःला विचारत आली की मी का ऐकलं.

माणूस गेल्याचं दुःख सगळे सांगतात, पण चेहरा जातो हे कुणी सांगत नाही. आवाज राहिला होता. कपाळावरचे वेडेवाकडे कापलेले केस राहिले होते, कारण ते थोरलीनेच कापले होते आणि त्यासाठी मार खाल्ला होता. चेहरा मात्र थोरलीच्या हातून केव्हा निसटला ते तिलाही कळलं नाही. आई म्हणायची, मला लख्ख आठवतो. पण सांगायला लागली की एकदा नाक वडिलांवर गेलेलं असायचं आणि एकदा आजीवर.

त्यात आईचे डोळे. नजर कडेकडेने बंद होत आत येत होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘सहा महिने, फार तर सात.’’ आईने त्यावर आपला उपाय काढला. डोळेही साबणासारखे, वापरले की झिजतात, असा तिचा ठाम हिशोब. डॉक्टर हसले, थोरलीने समजावलं, पण ऐकते कोण? ती दिवसभर डोळे मिटून बसायची. मिटल्या डोळ्यांनी बटाटे सोलायची, मिटल्या डोळ्यांनी शेजारणीशी भांडायची. संध्याकाळी थोरलीची चाहूल लागली की एक डोळा, तोही अर्धाच, उघडायची.

‘‘सापडली?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग कशाला उघडायला लावलास?’’ म्हणून तो डोळा परत बंद. दोघी हसायच्या. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. पण अलीकडे त्या हसण्यात थोरलीला धडकी भरायला लागली होती.

म्हणूनच तिने तो नियम काढला. सुरुवातीला ती प्रत्येक स्लाइड भिंगाखाली घालून कोपरान्‌कोपरा बघायची. दिवसाला दीडशे व्हायच्या, आणि पेट्या तर भिंतीला टेकून छतापर्यंत. या वेगाने गेलं तर धाकटी सापडायला सात वर्षं लागली असती. मग तिच्या ध्यानात आलं, की या शहरात प्रवासी नेहमी बंदरावर उतरायचे आणि तिथूनच चढायला लागायचे. त्यामुळे त्यांच्या फोटोत समुद्र डाव्या हाताला आणि डोंगर उजव्या हाताला. उतरताना फोटो काढायचं त्राण कुणात उरायचंच नाही. तेव्हा आधी समुद्र बघायचा. डावीकडे असला तरच भिंग घेऊन माणसं बघायची. उजवीकडे असला की परकं, डब्यात.

तळघराच्या प्रमुख मॅडम खुश झाल्या. फक्त एक शंका त्यांनी काढली. ‘‘अहो, पण स्लाइड उलटी धरली तर डाव्याचं उजवं नाही का होणार?’’

‘‘होईल ना. पण चौकटीवर एका बाजूला छपाई असते, मॅडम. ती आपल्याकडे ठेवायची, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.’’

‘‘आणि एखादा निघाला उतरताना फोटो काढणारा?’’

‘‘एखादीच स्लाइड उजवीकडे असली तर मी परत बघतेच. पण पेटीच्या पेटी उजवीकडे असली तर त्यात काय बघायचं?’’

मॅडमनी जाड अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं, ‘आधी समुद्र, मग माणसं.’ दिवसाला आठशे स्लाइड्स व्हायला लागल्या. यात आळस नव्हता, मिरवणं होतं ते अगदी चिमूटभर. तिला घाई होती, आणि ती घाई धाकटीचीच होती.

एका सोमवारी सकाळी मॅडम एक जाड पाकीट घेऊन खाली आल्या. ‘‘दंतवैद्याच्या मुलीचं आलंय. आठवते का ती पेटी?’’

आठवत होती. तीन महिन्यांपूर्वीची. चाळीस स्लाइड्स, प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि प्रत्येकीवर मोत्यांसारख्या अक्षरात एक ते चाळीस आकडे. एवढी नीटनेटकी पेटी तळघराने पाहिली नव्हती. पण चाळीसच्या चाळीसांत समुद्र उजवीकडे. थोरलीने दहा मिनिटांत निकाल लावला होता आणि मॅडमना म्हणालीही होती, ‘‘अक्षर सुरेख आहे हो, पण शहर दुसऱ्याचं.’’

मॅडम पाकीट ठेवून वर गेल्या. थोरलीने चहा पुढे ओढला आणि पत्र उघडलं.

‘बाबांचा दवाखाना आता कायमचा बंद केला,’ असं त्या मुलीने लिहिलं होतं. ‘भिंतीवर तुमच्या शहराचा एक फोटो लावलेला होता, तो सोबत पाठवत आहे. तेवढा एकच आम्ही कागदावर करून घेतला होता, सोळा नंबरचा. बाकी सगळं तुमच्याकडे आहेच. एक सांगायचं राहिलं. बाबा चौकटी विकत आणून त्यात फिल्म स्वतः बसवायचे आणि तुमच्या शहराची अख्खी गुंडाळी त्यांनी उलटी बसवली. आमच्या भिंतीवर दुकानांच्या पाट्या नेहमी उलट्या दिसायच्या आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. आई म्हणायची, जन्मभर लोकांचे दात आरशात बघितले या माणसाने, याला काय कळणार उलटं नि सुलटं! फोटोच्या दुकानदाराने सोळा नंबर तेवढा सुलटा करून दिला. तुमच्या हे लगेच लक्षात आलं असेलच.’

थोरलीचा हात कपावरच राहिला.

‘सतरा नंबर तुम्हाला नक्कीच आवडला असेल. लाल फ्रॉकमधली ती मुलगी. बाबा सांगायचे, ती दिवसभर त्यांच्या मागे मागे होती. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि ती हसताना तोंडावर हात धरायची. दंतवैद्यच ते! त्यांनी तिला सांगितलं, हात काढ, यापेक्षा सुंदर फट मी पाहिलेली नाही. तिने हात काढला आणि त्यांनी फोटो घेतला. तो दवाखान्यात लावावा असं आईला फार वाटायचं. बाबा म्हणायचे, परक्याचं लेकरू आपल्या भिंतीवर कशाला?’

पत्र इथे संपलं नव्हतं, पण थोरलीचं वाचणं संपलं. तिला सतरा नंबर आठवत होता. नाही, खोटं कशाला, आठवत नव्हता. लाल ठिपका आठवत होता. उजवीकडे निळं, मधे एक लाल ठिपका, आणि आपला हात डब्याकडे वळलेला. भिंग टेबलावरच होतं, वीतभर अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते निदान कळसा शाबूत असताना म्हणतात. तिने तो स्वतःच्या हाताने भट्टीत पाठवला होता.

ती तशीच उठली आणि बस पकडून शहराच्या टोकाला भट्टीवर गेली. जाऊन काय होणार हे तिला माहीत होतं, पण न जाऊन कसं चालेल? भट्टीवरचा माणूस जेवणाचा डबा उघडून भाकरीचा तुकडा चावत होता. तिने तीन महिन्यांपूर्वीचा पत्र्याचा डबा विचारला. त्याने घास गिळेपर्यंत तिच्याकडे बघितलं.

‘‘बाई, तीन महिने कसले? तीन तासांपूर्वीचं विचारलं असतं तरी सांगू शकलो नसतो. काय होतं त्यात?’’

‘‘फोटो होते.’’

‘‘घरचे?’’

थोरलीने मान हलवली. हो की नाही ते त्यालाही कळलं नाही. त्याने एक डबा उलटा करून तिला बसायला दिला आणि पाणी दिलं. भट्टीच्या तोंडातून धग येत होती. ती अर्धा तास तिथे बसली आणि मग तिला लाज वाटली, की हा माणूस आपल्यामुळे जेवत नाहीये. ती उठली.

तळघरात परत आली तर मॅडम वाट बघत होत्या. त्यांनीही पत्र वाचलं होतं. ‘‘एवढं मनाला लावून घेऊ नका हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हजारांत एक पेटी चुकली. कुणाच्याही हातून झालं असतं.’’ त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. थोरलीला वाटलं, आत्ता सांगावं. सांगावं की मॅडम, कुणाच्याही हातून झालं नसतं, माझ्याच हातून झालं असतं. दुसऱ्या कुणाला एवढी घाई नव्हती. पण तोंड उघडलं तर रडू बाहेर येईल आणि ते आवरणार नाही, म्हणून ती एवढंच म्हणाली, ‘‘तो कागद काढायला हवा भिंतीवरचा.’’ आणि खुर्चीवर चढून तिने तो स्वतःच काढला.

सोळा नंबरचा फोटो तिने आत्तापर्यंत बघितलाच नव्हता. मॅडम गेल्यावर बघितला. दवाखान्यातल्या उजेडाने रंग विटले होते, पण तिसरा टप्पा होता. नळ होता. नळाच्या मागे त्यांचं दार होतं, खालच्या फळीला उंदरांनी पाडलेल्या भोकासकट. डावीकडे समुद्र, जिथे असायला हवा तिथेच. आणि उजव्या कडेला, फोटो संपतो तिथे, लाल बाही आणि एक बारीक हात आत आला होता. कोपराला पट्टी बांधलेली. बाकीची मुलगी फोटोच्या बाहेर होती.

त्या हातावर तिने भिंग ठेवलं आणि मॅडम दिवे बंद करायला येईपर्यंत ते उचललं नाही.

घरी जाताना तिने दोनदा ठरवलं, आईला फोटो दाखवायचाच नाही. बॅगेत आहे तिथेच राहू दे. नाहीतरी सहा महिन्यांतले साडेपाच गेलेच होते. राहिलेल्या दिवसांत ‘नाही गं’ म्हणत राहिलं असतं तरी निभलं असतं. पण दार उघडलं आणि आईचा तो अर्धा डोळा उघडला.

‘‘सापडली?’’

आणि थोरलीच्या तोंडून ‘नाही’ निघेना. आज ते खोटं होतं. रोज ते खरं होतं म्हणून तिला बोलता यायचं.

आईने दोन्ही डोळे उघडले. दोन्ही, पूर्ण. कित्येक आठवड्यांत तिने एवढी उधळपट्टी केली नव्हती. ‘‘आण इकडे,’’ ती म्हणाली.

थोरलीने तिला खिडकीपाशी बसवलं, फोटो हातात दिला, भिंग दिलं. आईची नजर आता नळीतून बघितल्यासारखी झाली होती. फोटो तिला एकदम दिसत नव्हता, तुकड्यातुकड्यानेच दिसत होता. ती नळावर थांबली. दारावर थांबली. ‘‘हे भोक बुजवायचं राहिलंच बघ,’’ म्हणाली. मग सरकत सरकत कडेला आली.

‘‘ही पट्टी मी बांधलेली आहे,’’ आई म्हणाली. ‘‘पिवळ्या चौकड्यांचा अभ्रा फाडून. बघ, चौकडा दिसतोय. पायऱ्यांवरून पडली होती ना. त्या पावसाच्या आधीच्या आठवड्यात.’’ तिने भिंग आणखी बाहेर सरकवलं. फोटोच्या कडेवरून ते तिच्या साडीवर आलं. तिने परत आत घेतलं, परत बाहेर नेलं.

‘‘तोंड कुठंय गं?’’

‘‘फोटोच्या बाहेर राहिलंय, आई.’’

थोरलीला वाटलं, आता ती रडेल. आई रडली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे थोरलीने वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. ती हसत होती.

‘‘अगं वेडे, मग पुढचा बघ ना! माणूस इतका चढून येतो तो काय एकच फोटो काढून थांबतो? ही आता येतेय बघ, धावत. हात पोचलाय. तिला तू ओळखत नाहीस का? पुढच्या फोटोत ती मधोमध असणार.’’

थोरली खाली बसली. खुर्ची जवळच होती, पण ती फरशीवरच बसली.

‘‘त्याच पेटीत असेल,’’ आईचं चालूच होतं. ‘‘नंबर घातलेत का त्याने? घातले असतील तर या पुढचा. तेव्हा तिचे दोन दात पडले होते, तुला आठवतंय? हसली की तोंडावर हात धरायची. त्या माणसाने तेवढा हात काढायला लावला असला म्हणजे झालं. लावला असेल का गं?’’

पाकिटातलं पत्र थोरलीच्या बॅगेत होतं आणि बॅग तिच्या मांडीवर होती. तिने बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

‘‘माहीत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘उद्या बघशील?’’

‘‘हो.’’

‘‘सकाळीच बघ. चहाबिहा नंतर.’’

‘‘हो आई.’’

आईने फोटो छातीशी धरला, भिंग मांडीवर ठेवलं आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली. ‘‘आज फार खर्च झाले,’’ ती म्हणाली, ‘‘पण असू दे. उद्यापुरते आहेत.’’ आणि सतरा नंबर बघायला पुरावेत म्हणून तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.